सतरा नंबर गैरहजर

चौथीच्या बाईंना शिक्षकांच्या खोलीत सगळे पाठीमागे 'वकीलबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोला, आवडतही होतं. वर्षातून एकदा तरी त्या नावाला जागायची संधी त्यांना मिळायची. शिक्षण खात्याकडून एक जाडजूड पाकीट यायचं. आत सगळ्या शाळांसाठी एकच छापील चाचणी आणि वर एक पत्र: चाचणी ऐच्छिक आहे, घ्यायची की नाही ते शाळेतल्या शिक्षकांनी ठरवावं. मग मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते एका शनिवारी शाळा सुटल्यावर पाचही शिक्षकांना बसवून हात वर करायला सांगत. आणि हात वर होण्याआधी वकीलबाई उभ्या राहत.

"आज ऐच्छिक," बाई सुरुवात करायच्या. "उद्या विचारतील, शेजारच्या शाळेनं घेतली, तुम्हालाच काय धाड भरली? परवा आकडे भिंतीवर लागतील. तेरवा त्या आकड्यांवरून आपली लायकी ठरेल. आणि मला सांगा, पहिलीपासून मी या पोरांबरोबर एकेक इयत्ता वर चढतेय. कुणाचा दात कधी पडला तेसुद्धा मला माहीत आहे. माझं पोर मला एका परक्या कागदानं ओळखून द्यायचं?"

विरोधात ठामपणे उभे राहायचे ते एकटे गणिताचे सर. त्यांना सगळे सरासरीसर म्हणत, कारण चहात कोण किती चमचे साखर घेतं त्याचीही ते सरासरी काढत. ते चष्मा पुसत म्हणायचे, "बाई, काटा कधी खोटं बोलत नाही."

"काट्यावर भाजी ठेवा सर, पोर ठेवू नका."

सगळे हसायचे. सरासरीसरही हसायचे. हात वर व्हायचे आणि तीन विरुद्ध दोननं चाचणी बारगळायची. असं ओळीनं तीन वर्षं झालं. ती मुलं पहिलीत होती तेव्हा, दुसरीत होती तेव्हा आणि तिसरीत होती तेव्हाही.

यंदा बाईंच्या बाजूची एक हक्काची शिक्षिका निवृत्त झाली आणि तिच्या जागी नवी मॅडम आली. नव्या मॅडमला दुसरीचा वर्ग मिळाला होता. वकीलबाई म्हणजे तिचं दैवत, पण नोकरीला महिनाही झाला नव्हता आणि मोठे सर तिच्याकडेच बघत होते. तिनं हात वर केला तो खांद्यापर्यंतच, पण मोजला गेला. "यंदा एकदा घेऊन बघू," मोठे सर म्हणाले. "निकाल हातात आला की कायमचं काय ते ठरवू." बाईंनी पाकीट असं उचललं की जणू आत मेलेला उंदीर आहे.

आता बाईंचा वर्ग. एकतीस मुलं, आणि सगळ्या शाळेत नावाजलेला तो वाचनाचा तास. बाईंचा नियम साधा होता: वाचायचं सगळ्यांनी, हजेरीच्या क्रमानं, एकेकानं एक परिच्छेद. काल अकरा नंबरवर थांबलो तर आज बारा नंबरनं नव्या धड्याला सुरुवात करायची. कुणाला वगळायचं नाही, कुणाला अचानक उठवून घाबरवायचं नाही. "माझ्या वर्गात वशिला चालत नाही," बाई अभिमानानं सांगत. आणि परीक्षेत प्रश्न त्या स्वतः मोठ्यानं वाचून दाखवत, मुलांच्या पोटात गोळा येऊ नये म्हणून. बाई कडक होत्या, पण प्रेमळ होत्या. त्यातूनच तर सगळं झालं.

सतरा नंबरची मुलगी वर्गाची हजेरीताई होती. हे नाव तिला बाईंनीच दिलेलं. दुसरीत असताना ही पोरगी रोज सकाळी टेबलापाशी येऊन विचारायची, "बाई, आज कोण कोण आलं नाही?" बाईंना इतकं कौतुक वाटलं! बाकीची पोरं खिडकीबाहेर कुत्रं दिसलं की माना वळवतात आणि हिला बघा, वर्गमित्रांची काळजी. त्यांनी लगेच हजेरीचं काम तिच्यावर सोपवलं. बाई नावं घ्यायच्या, ती नंबरापुढे 'ह' नाहीतर 'गै' लिहायची आणि शनिवारी रजिस्टर मोठ्या सरांच्या सहीला घेऊन जायची. प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं: सहाध्यायींविषयी आस्था. त्याखाली, हस्ताक्षर सुंदर. त्याखाली, वाचन स्पष्ट आणि खणखणीत.

तर चाचणीचा मंगळवार उजाडला. सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं की मुलांना एकेका बाकावर वेगळं बसवावं आणि प्रश्न वाचून दाखवू नयेत. "कैदी आहेत का ही!" असं पुटपुटत बाईंनी बाकं लांब केली. हजेरीताईनं हजेरी भरली. त्या दिवशी एकतीसच्या एकतीस मुलं आली होती. वर्षात अशा घटना बोटावर मोजण्याइतक्या. पेपर वाटून झाले. पहिल्याच पानावर एक न वाचलेला उतारा होता, एका म्हाताऱ्या दीपगृहवाल्याचा, आणि खाली चार प्रश्न.

मुलं खाली माना घालून वाचू लागली. एकटी हजेरीताई मान वर करून बाईंकडे बघत राहिली. बाईंना वाटलं, काही हवंय का हिला. मग लक्षात आलं, आपण प्रश्न वाचून दाखवू म्हणून थांबलीय पोरगी. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं आणि पेपराकडे बोट दाखवलं. ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं पेन्सिल उचलली आणि लिहायला लागली आणि तास संपेपर्यंत लिहीतच होती. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

शाळा सुटल्यावर बाई रिकाम्या वर्गात पेपर तपासायला बसल्या. चाचणीचा एक नियम बाईंच्या पथ्यावर पडणारा होता: पेपर वर्गशिक्षकानं तपासायचे आणि स्वतःकडेच ठेवायचे. मोठ्या सरांना फक्त एक तक्ता द्यायचा, नंबरापुढे गुण आणि खाली वर्गाची सरासरी. बाई तपासत गेल्या आणि मनातल्या मनात खूश होत गेल्या. ज्याला जितके मिळतील असं वाटलं होतं, त्याला तितकेच. "सांगत नव्हते मी?" त्या रिकाम्या बाकांना म्हणाल्या.

मग सतरा नंबरचा पेपर आला.

चारही उत्तरांच्या जागा काठोकाठ भरलेल्या होत्या. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं. पहिल्या जागेत उताऱ्याच्या पहिल्या तीन ओळी होत्या, दुसऱ्या जागेत पुढच्या तीन. चौथ्या जागेत ओळ अर्ध्या शब्दावर थांबली होती, कारण जागा संपली. म्हातारा दिवा का विझू देत नव्हता, असा प्रश्न होता. त्याखाली तिनं समुद्रकिनाऱ्याचं वर्णन उतरवून काढलं होतं, एकाही काना-मात्रेची चूक न करता.

बाईंना आधी राग आला. पेपरच वाईट, लेकरू गोंधळलं, वाचून दाखवायला काय जात होतं. त्यांनी लाल पेन उघडलं, मिटलं. उठून खिडकी लावली, परत उघडली. मग त्यांना तो घसा आठवला.

हजेरीताईचा घसा अधूनमधून दुखायचा. वाचायची पाळी यायची, ती उभी राहायची, गळ्याला हात लावायची आणि कुजबुजायची, "बाई, घसा दुखतोय." बाई तिला गरम पाणी पाजायच्या. पण इतर दिवशी तीच मुलगी पुस्तक हातात धरून घंटेसारखं वाचायची. बाईंनी टेबलावरचं रजिस्टर पुढे ओढलं. वकिली डोकं चालूच होतं. मागच्या महिन्यात तिचा घसा कधी दुखला? नवा धडा सुरू केला तेव्हा, बुधवारी. बारा नंबरपासून सुरुवात होती, म्हणजे सतरा नंबरला सहावा परिच्छेद. पण त्या दिवशी चौदा नंबर मधल्या सुट्टीत पोटात दुखतं म्हणून घरी गेला होता. हजेरीत आलेला आणि वाचनाच्या तासाला नसलेला. पाळी एकानं पुढे सरकली आणि हजेरीताईच्या वाट्याला पाचवा परिच्छेद आला. ज्या दिवशी कोण नाही ते सकाळीच कळायचं, त्या दिवशी हिचा घसा ठणठणीत असायचा.

आस्था! बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पोरगी वर्गमित्रांची काळजी करत नव्हती, आपला परिच्छेद मोजत होती. सबंध धडा तोंडपाठ करून यायची आणि सकाळी फक्त कुठून म्हणायचं तेवढं नक्की करायची. ऐनवेळी पाळी सरकली की ती मोजदाद कोलमडायची आणि घसा दुखायला लागायचा. सवयीचे शब्द चित्रासारखे लक्षात ठेवून लिहायची, नाहीतर शेजारणीचं बघायची. नवा शब्द समोर आला की तिच्यासाठी तो कागदावरचा नुसता वेलबुट्टीचा नमुना. साडेतीन वर्षं ही मुलगी डोळ्यांसमोर होती, आणि तिला लपायला जागा कुणी करून दिली? हजेरीच्या क्रमानं, वशिला न चालणाऱ्या, प्रश्न वाचून दाखवणाऱ्या बाईंनी.

इथपर्यंत जे झालं ती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. पण बाईंनी पुढे जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही.

तक्ता समोर होता. सतराच्या पुढे शून्य लिहायचं होतं. शून्य लिहिलं की सरासरी घसरणार, मोठे सर विचारणार, सरासरीसर चष्मा पुसणार. साडेतीन वर्षं माझं पोर, माझं पोर करणाऱ्या वकीलबाईंच्या वर्गातलं पोर निरक्षर! बाईंनी लाल पेनानं सतरापुढे लिहिलं, 'गै'. अक्षर छोटं आलं, पण आलं. गैरहजर मुलं सरासरीत धरत नसत. मग तो पेपर त्यांनी चार घड्या घालून पर्समध्ये टाकला आणि तक्ता मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवून घरी गेल्या.

त्या रात्री जेवण गेलं नाही असं सांगितलं तर खोटं ठरेल. जेवण गेलं, झोपही लागली. माणसाचं मन असंच कोडगं असतं, पहिले दोन दिवस ते सबबी पुरवतं. मी हिला गुपचूप शिकवीन, बाईंनी ठरवलं. कुणाला कळायची गरजच नाही.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांनी हजेरीताईला वर्गातच थांबवलं. आपल्या पर्समधली, पोरांनी कधी न पाहिलेली, एक छोटी गोष्टीची पुस्तिका उघडून पुढे ठेवली.

"जरा वाच बघू. कुठलंही पान."

हजेरीताईनं पुस्तिकेकडे पाहिलं, मग बाईंकडे. हात गळ्याकडे गेला.

"घसा दुखतोय, बाई."

"इथं कुणी नाहीये गं. हळू वाच. चुकलं तरी चालेल."

मुलीनं बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं. ओठ हलले. पहिलं अक्षर आलं, दुसरं आलं, पण दोन्ही एकत्र येईनात. बोट तिथंच थांबलं. नखाखाली रक्त साकळावं इतकं तिनं ते दाबून धरलं होतं. बाहेर मैदानावर पोरांचा गलका चालला होता.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "मला कितवा परिच्छेद आहे ते सांगा ना. मग मी उद्या म्हणून दाखवते."

"घरी कोण वाचून दाखवतं तुला?"

"आत्या. ती मशीनवर शिवत असते ना, तेव्हा मी पुस्तक धरून शेजारी बसते. ती शिवता शिवता वाचते. दोनदा वाचलं की मला येतं."

"आत्याला माहीत आहे?"

तिनं मान हलवली. नाही. "आत्या म्हणते, किती अभ्यास करतेस गं. बाई, सांगू नका ना कुणाला. तुम्ही मला हजेरीवरून काढाल का?"

"नाही काढणार," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मात्र बाईंचं काही खरं नव्हतं. गुपचूप शिकवण्याचं घोडं पहिल्याच दिवशी अडलं. त्यांना शिकवायची एकच रीत येत होती आणि ती रीत या मुलीवर साडेतीन वर्षं वाया गेली होती. अशा मुलांसाठी खात्याची एक वाचनाची मॅडम होती, शाळाशाळांतून फिरायची. तिच्या हाताखाली भलीभली अडलेली मुलं वाचायला लागल्याचं बाईंनी ऐकलं होतं. तिला बोलवायचं तर वर्गशिक्षकानं अर्ज करायचा आणि सोबत मुलाचा तपासलेला पेपर जोडायचा. पेपर तर पर्समध्ये होता. पण कागदोपत्री तो पेपर नव्हताच, कारण ती मुलगी त्या दिवशी आलीच नव्हती. आणि दोन महिन्यांनी चौथी संपणार होती. पुढच्या मोठ्या शाळेत कुणी हजेरीच्या क्रमानं वाचायला लावणार नव्हतं, प्रश्न वाचून दाखवणार नव्हतं. तिथं ती पहिल्याच आठवड्यात उघडी पडणार होती, चाळीस अनोळखी मुलांसमोर. पर्स उघडली की तो चार घड्यांचा कागद हाताला लागायचा. बाई बसचा पास काढायला पर्समध्ये हात घालायच्या आणि चटका बसल्यासारखा मागे घ्यायच्या.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मोठ्या सरांनी सगळ्यांना बसवलं. मोठ्या सरांच्या हातात तक्ते होते आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"वकीलबाई, अभिनंदन! चौथीची सरासरी सगळ्यात वर."

नव्या मॅडमनं टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी होत्या. "मी म्हटलंच होतं सर. मला बोलू द्याल? मागच्या वेळी मी हात वर केला, पण आता मला पटलंय. बाई म्हणतात तेच खरं. आपलं मूल आपल्याला ठाऊक असतं. या कागदानं बाईंना नवं असं काय सांगितलं? काहीच नाही! मग पोरांचा एक दिवस कशाला वाया घालवायचा? माझं मत, पुढल्या वर्षीपासून बंद."

स्वतःचंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ बाईंवर पहिल्यांदाच आली. किती पोकळ वाजत होतं ते. बाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली.

सरासरीसर तक्ता डोळ्यांपाशी नेऊन बघत होते. "तीस पेपर," ते म्हणाले. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, त्यांना आकडे जुळलेले लागत, एवढंच. "पट एकतीस ना, बाई?"

"एक मूल गैरहजर होतं," बाई म्हणाल्या.

म्हणाल्या, आणि त्यांचा घसा कोरडा पडला. कागदावर लिहिणं वेगळं होतं. हे तोंडानं बोललेलं होतं, चार माणसांसमोर.

तेवढ्यात दारात हजेरीताई उभी. काखेत रजिस्टर, शनिवारच्या सहीसाठी. मोठ्या सरांना या पोरीचं भारी कौतुक. कुठल्या दिवशी कोण नव्हतं हे तिला महिनाभर मागचंही आठवतं, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

"या, या, हजेरीताई! बरं झालं आलीस. सरांना आकडा जुळत नाहीये. चाचणीच्या दिवशी तुमच्या वर्गातलं कोण आलं नव्हतं गं?"

हजेरीताईचं तोंड लगेच उघडलं. उत्तर तिच्या जिभेवरच होतं, त्या दिवशी सगळे आले होते. मग तिची नजर बाईंकडे गेली. बाई पर्स धरून बसल्या होत्या, पांढऱ्याफटक. मुलगी क्षणभर बघत राहिली. तिचा हात हळूच गळ्याकडे गेला.

"मीच, सर," ती म्हणाली. "मीच नव्हते आले. माझा घसा दुखत होता."

"अरेरे! आता बरा आहे ना?" मोठ्या सरांनी हसत हसत या आठवड्याच्या पानावर सही ठोकली. मागचं पान उलटायचं कुणाच्याही मनात आलं नाही. सरासरीसरांनी मान डोलावली, आकडा जुळला होता. मुलगी रजिस्टर घेऊन निघून गेली. सगळं मिटलं होतं. बाईंनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर ते जन्मभर मिटलेलंच राहिलं असतं.

बाई उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, झाली वकिली सुरू. नव्या मॅडमनं खुर्ची पुढे सरकवली.

"ती आली होती," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी एकतीसही मुलं आली होती. गैरहजर मी लिहिलं."

पर्स उघडून त्यांनी तो कागद काढला, घड्या उलगडल्या आणि मोठ्या सरांसमोर ठेवला. मग सगळं सांगितलं. परिच्छेद, घसा, आत्याचं शिवणयंत्र, लाल पेन. कुठलंही वाक्य सजवलं नाही. मोठे सर कागद वाचत होते आणि त्यांचं हसू ओळीगणिक उतरत गेलं.

"पण बाई," नवी मॅडम रडवेली झाली, "तुम्हीच म्हणायचात ना, की आपलं मूल आपल्याला..."

"म्हणायचे. तीन वर्षं छातीठोकपणे म्हणायचे. दुसरीत ही चाचणी घेतली असती तर सात वर्षांची असताना ती सापडली असती. मी घेऊ दिली नाही."

बाई आता सरासरीसर काहीतरी बोलतील म्हणून थांबल्या. त्यांना ते हवंच होतं. कुणीतरी खरमरीत बोलावं, म्हणजे जरा बरं वाटेल. सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"माझ्याकडे आकडेमोडीत ती पहिली असते," ते म्हणाले. "फक्त शाब्दिक उदाहरणं सोडून देते. दर परीक्षेत, कोरी. मी तिच्या वहीत काय लिहिलंय माहितेय? आळस करू नये. माझ्याकडे तर काटा होता, बाई."

मोठे सर सवयीनं म्हणाले, "मग आता चाचणीचं काय? बाई, तुमचं मत?"

"मला विचारू नका सर. चाचणीमुळे ती मला दिसली, हे खरं. आणि चाचणीच्या आकड्यासाठीच मी तिला पुसून टाकलं, हेही खरं. हात वर करायची माझी लायकी उरलेली नाही." बाईंनी तक्ता पुढे ओढला. 'गै' वर काट मारली, शेजारी शून्य लिहिलं, सही केली आणि तारीख घातली. "मला वाचनाच्या मॅडमचा अर्ज द्या. आज, आत्ता. आणि माझ्याबद्दल खात्याला जे कळवायचं असेल ते कळवा."

मोठ्या सरांनी कपाटातून अर्ज काढून दिला. बाईंनी तो उभ्याउभ्याच भरला. 'वाचनाची सद्यस्थिती' या रकान्यात आधीच्या प्रगतिपुस्तकातलं 'स्पष्ट आणि खणखणीत' त्यांच्या पेनाच्या टोकाशी आलं होतं. त्यांनी लिहिलं, वाचता येत नाही. आणि खाली लिहिलं, वर्गशिक्षिकेच्या लक्षात आले नाही.

बाहेर पायऱ्यांवर हजेरीताई बसून होती. शाळा रिकामी झाली होती, शिपाई वर्गांना कुलपं लावत फिरत होता. रजिस्टर कपाटात ठेवायचं तर कपाटाची किल्ली बाईंकडे, म्हणून ती थांबली होती. बाई तिच्या शेजारी पायरीवरच बसल्या. बाई पायरीवर बसल्याचं त्या शाळेत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"आता लवकरच एक मॅडम येणार आहेत," बाई म्हणाल्या. "फक्त तुझ्यासाठी. वाचायला शिकवायला. मी सरांना खरं सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, तरी सांगितलं. आत्यालाही मीच येऊन सांगणार आहे, आणि दोष कुणाचा तेही सांगणार आहे."

मुलगी रजिस्टरच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "हजेरी?"

"हजेरी तुझीच."

ती जरा सैल झाली. बाईंना आणखी एक विचारायचं होतं, आणि विचारायची भीतीही वाटत होती.

"तू खोटं का बोललीस गं मघाशी? तू तर आली होतीस. तूच तर हजेरी भरलीस."

हजेरीताईनं त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, तक्रारही नव्हती. असलं कोडं तिला रोजचंच होतं.

"सरांनी विचारलं आणि तुम्हाला बोलताच येईना," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमचाही घसा दुखतोय."